अंश दवाखान्यात, छेद गावात

गेल्या अंकात ‘बारीक माणसाचा मधुमेह’ अशी चार ओळींची टीप लिहिली आणि टपालाचा ढीग आला. काही जणांनी माझ्या नोकरीबद्दलच विचारलं आहे. हृदयविकार आणि मधुमेहाच्या साथरोगशास्त्रात, म्हणजे रोग कोणाला, किती जणांना आणि का होतो हे मोजण्याच्या कामात, ३१ वर्षं काढून मी निवृत्त झाले, पण माझ्या सख्ख्या जावेला अजूनही वाटतं की मी पटकी आणि डासांचं काहीतरी बघायचे. तेव्हा या वेळी औषधांचे प्रश्न बाजूला ठेवून ही पत्रं घेते.

मॅडम, मी लातूरला इंटर्नशिप करते आहे. मला तुमच्या क्षेत्रात यायचं आहे. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, “डॉक्टर होऊन दारोदार हिंडणार? मग आशाताई काय वाईट?” त्यांना काय सांगू?

दारोदार हिंडावं लागतं हे बाबांचं म्हणणं खरंच आहे, ते खोडू नकोस. आणि आशाताईंना कमी लेखू नकोस. माझी निम्मी सर्वेक्षणं त्यांच्यामुळे पार पडली.

मी स्वतः काही ठरवून इकडे आले नाही. पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यकाच्या, तासाला आमची निम्मी बॅच झोपायची, त्यात मी पहिल्या रांगेत. १९८९ साली मी मेडिसिनची रेसिडेंट होते. एका रात्री हार्ट अटॅकचे तीन रुग्ण आले, तिघंही पन्नाशीच्या आतले. त्यातला एक ३८ वर्षांचा हमाल, अंगावर मूठभर चरबी नाही, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. सकाळच्या राउंडला सरांनी विचारलं, “असे बारीक किती येतात?” मी रजिस्टर चाळून महिन्याचा आकडा सांगितला. सर म्हणाले, “किती जणांतले?” मी गप्प. सरही गप्प, आणि राउंड पुढच्या खाटेकडे सरकला.

चौथीत अपूर्णांक शिकवतात ना, वर अंश, खाली छेद? दवाखान्याचं रजिस्टर म्हणजे नुसता अंश. जो घरीच गेला, जो दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेला, ज्याला काहीच झालं नाही आणि जो आत्ता उसाला पाणी धरतो आहे, ते सगळे छेदात. छेद आपल्या पायांनी ओपीडीत येत नाही, आपल्यालाच त्याच्याकडे जावं लागतं.

बाबांना फ्रेमिंगहॅमची गोष्ट सांग. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं एक साधं गाव. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ जणांना दर दोन वर्षांनी बोलावून तपासत गेले आणि पुढे कोणाला हृदयविकार होतो याची नोंद ठेवत गेले. वय वाढलं की रक्तदाब चढणारच, त्यात वावगं काही नाही, असं तेव्हा मोठमोठे डॉक्टर म्हणत. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हिशोब त्या गावाने मांडून दिला. ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्दही त्यांच्याच १९६१ च्या लेखातून रूढ झाला. बाबा दरवर्षी लॅबमधून कोलेस्टेरॉलचा कागद आणत असतील, तर त्या कागदाची मुळं असल्याच हिंडण्यात आहेत.

आता काम प्रत्यक्षात कसं असतं ते ऐक, नाहीतर येशील आणि मला शिव्या देशील.

कंबर मोजायची. पुस्तकात एक ओळ आहे: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मधोमध टेप धरा. समोर नऊवारी नेसलेली ६० वर्षांची बाई. कमरेला ओच्याच्या आणि निऱ्यांच्या घड्या, त्यात खोचलेली चंची, आणि ओसरीवर सासरा बसलेला. टेप लुगड्यावरून धरलीस तर आकडा फुगतो, आणि लुगडं सैल करायला सांगायचं तर आधी आडोसा हवा. आम्ही दोन बांबू आणि एक जुनी चादर बरोबर बाळगायचो. संशोधनाच्या खर्चाच्या तक्त्यात ‘चादर’ लिहिली, तर मुंबईहून प्रश्न आला की हे कुठलं उपकरण.

रक्तदाब घेण्यापूर्वी पाच मिनिटं शांत बसवायचं, आणि अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू काही नको. “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला बायका सरळ ‘नाही’ म्हणायच्या. आणि दात मात्र काळे! मशेरी म्हणजे तंबाखू हे त्यांच्या गावीच नव्हतं. ती तर दात घासायची वस्तू. मग फॉर्मवर मशेरीला स्वतंत्र ओळ दिली आणि एका आठवड्यात गावाचा तंबाखूचा आकडा बदलला.

साखरेच्या तपासणीला आदल्या दिवशी दवंडीसारखं सांगितलं होतं, “उद्या सगळ्यांनी उपाशी या.” सकाळी एक आजी प्रसन्न चेहऱ्याने आल्या. काही खाल्लं नाही ना? “नाही बाई, उपासच धरलाय. वाटीभर साबुदाण्याची खिचडी तेवढी घेतली.” त्या दिवशी त्यांच्या गल्लीतल्या सगळ्या नळ्या बाद. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पत्रकावर ‘अनशापोटी’ हा शब्द असतो. जुना आहे, पण त्यात खिचडीला जागा नाही.

आणखी एक. पाऱ्याच्या यंत्रावर माणूस रक्तदाब घेतो तेव्हा त्याच्या मनाला शून्य आवडतं. १३० चे, १४० चे ढीग, आणि मधले आकडे जणू निसर्गाने केलेच नाहीत. संध्याकाळी मी नुसता शेवटचा अंक मोजायचे. दहातले आठ आकडे शून्यावर संपले की त्या मुलाला दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर फिरायला घ्यायचं. रागवायचं नाही. त्याला माहीतच नसतं की तो असं करतो आहे. आता स्वयंचलित यंत्रं आली, हा खेळ बराच संपला.

हे वाचून कंटाळा आला असेल तर तू हृदयरोगतज्ज्ञ हो, आनंदाने हो. गंमत वाटली असेल तर कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी कर, किंवा एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था आणि चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था या दोन्हीकडे बघ.

पगार किती असतो? (सही नाही, शिक्का सांगलीचा)

प्रॅक्टिसपेक्षा कमी. प्रकल्पावर असाल तर प्रकल्प संपतो त्या दिवशी पगारही संपतो. मी दोनदा दिवाळीच्या तोंडावर बिनपगारी झाले आहे.

माझं वजन ५८ किलो, उंची ५ फूट ५ इंच. पोट सुटलेलं नाही, गोड खात नाही. तरी ४१ व्या वर्षी मधुमेह निघाला. जाडेपणाने होतो म्हणतात, मग मला कसा? — एक वाचक, सोलापूर

उपचार तुमचे डॉक्टर बघतील. ‘मला कसा’ याच्यामागे मात्र आपल्या पुण्याची एक मोठी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सुरुवात इंग्लंडमध्ये. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून दायांनी आणि आरोग्यसेविकांनी प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वहीत लिहून ठेवलं होतं. डेव्हिड बार्कर या साउदॅम्प्टनच्या संशोधकाला त्या वह्या मिळाल्या. ती बाळं एव्हाना म्हातारी झाली होती, बरीच वारलीही होती. वह्या आणि मृत्यूचे दाखले जुळवून १९८९ साली त्याने दाखवलं की वर्षाचं असताना ज्यांचं वजन सगळ्यांत कमी होतं, त्याच पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त. लोक हसले. हृदयविकार हा खाऊन-पिऊन सुखी माणसाचा रोग, त्याचा उपासमारीशी काय संबंध?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण बघत होते. त्यांच्यासमोर येणारे लोक इंग्रजी पुस्तकातल्या मधुमेह्यांसारखे नव्हते, तुमच्यासारखे होते. त्यांनी आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची गरोदर राहण्याआधीच मापं घेऊन ठेवायची, म्हणजे पुढे दिवस गेले की आधीची स्थिती हातात असते. किती लांबचा विचार बघा. त्या बायांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, आणि कामं शेतातली, विहिरीवरची. ७०० हून अधिक बाळं जन्मली. सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५.

नुसतं वजन केलं असतं तर ‘भारतीय बाळं लहान’ एवढंच हाती लागलं असतं, आणि ते आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. या मंडळींनी कॅलिपर घेऊन बाळाच्या पाठीची, खांद्याच्या पसरट हाडाखालची कातडी चिमटीत धरून मोजली. दंडात मांस कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबी मात्र वजनाच्या मानाने टिकून! बाळ दिसायला काडी आणि आत स्निग्ध. ‘थिन-फॅट’ बाळ असं त्याचं नाव जगभर झालं. काटकसरीच्या घरात आई चुलीमागे दोन पैसे लपवून ठेवते, तसं काहीसं गर्भाचं शरीर करतं, असं मी गावात समजावून सांगायचे. उपमा माझी आहे, याज्ञिकांच्या माथी मारू नका.

त्यांचा स्वतःचा एक फोटो मात्र मी प्रत्येक व्याख्यानात दाखवायचे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, हुबेहूब २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तुमचा बीएमआय मी काढला, २१ च्या वर भरतो. तोही तुमच्याबद्दल अर्धंच सांगतो. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत, आणि बीएमआय २३ च्या खाली, अशा इंग्रजांपेक्षा कडक रेषा आखल्या आहेत.

त्या सहा गावांतून आणखी एक गोष्ट निघाली, ती तुमच्या घरातल्या मुलीबाळींसाठी. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याचा दिसला. शिवाय ६० टक्क्यांहून अधिक आयांच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात फोलेट (तेही ब गटातलंच जीवनसत्त्व) भरपूर आणि ब१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव उणा पडताना दिसला. ती मुलं वाढली, त्यांना १२ व्या, १८ व्या वर्षी पुन्हा तपासलं, आणि २०१२ पासून त्यांच्यातच ब१२ देऊन पुढच्या पिढीची बाळं कशी होतात हे बघायला घेतलं. एका माणसाची कारकीर्द आणि सहा गावांच्या तीन पिढ्या. लातूरच्या मुली, वाचते आहेस ना?

मधुमेहात गोवा देशात पहिला, असं पेपरात आलं. आम्ही एवढे वाईट का? — वाचक, म्हापसा

२०२३ साली आलेला तो आकडा २६.४ टक्के, २० वर्षांवरच्यांचा. देशाचा ११.४. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) त्या सर्वेक्षणात सगळी राज्यं मिळून १,१३,०४३ जण तपासले, म्हणजे छेद भक्कम आहे. पण ते काम २००८ ते २०२० असं टप्प्याटप्प्याने चाललं, सगळी राज्यं एका वर्षी मोजलेली नाहीत. शर्यतीसारखा क्रमांक लावू नका. गोव्यात शहरी वस्ती जास्त, वयस्क माणसंही जास्त. आणि मधुमेह या दोन्हींच्या मागे मागे येतो. वाईट-चांगलं यात काही नाही. पाव मात्र मोजून खा.

मी एसटीत ३० वर्षं कंडक्टर होतो. सगळी सर्व्हिस उभ्याने. ड्रायव्हरपेक्षा कंडक्टरला हार्टचा त्रास कमी, असं कोणीतरी सांगितलं. खरं का? — निवृत्त वाहक, कराड

ज्याने सांगितलं त्याचं वाचन चांगलं आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवर हे पाहिलं, १९५३ साली छापलं. ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढणार. कंडक्टरांना झटके कमी, आणि आलेच तर सौम्य.

पण मॉरिस पक्का होता. त्याला शंका आली, की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर व्हायला जात असतील तर? पुरावा कुठे शोधावा? त्याने गणवेशाच्या नोंदी मागवल्या! कोणाला किती कमरेची पँट शिवून दिली ते त्यात होतं. ड्रायव्हरांच्या पँटी खरोखरच रुंद होत्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्याही. म्हणजे श्रेय नुसत्या पायऱ्यांना देता येईना. पुढची कितीतरी वर्षं तो इतर नोकऱ्यांमधल्या लोकांवर हेच तपासत राहिला आणि व्यायामाचा फायदा खरा ठरला. स्वतः ९९ वर्षं जगला.

आपल्या लाल डब्याला वरचा मजला नाही, तेव्हा तुमचं उभं राहणं म्हणजे त्याच्या कंडक्टरचं चढणं नाही. गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडल्याचे थोडे गुण तुम्हाला देते. बाकीचे सकाळी आगाशिवचा डोंगर चढून मिळवा.

एक दिवस तूप वाईट, दुसऱ्या दिवशी चांगलं. तुमच्यात एकमत का नसतं? — एक गृहिणी, ठाणे

तुपाचं भांडण बाजूला ठेवते, एक जुनं प्रकरण सांगते. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं अनेक निरीक्षणांतून दिसत होतं. डॉक्टरांनी भरभरून लिहून दिल्या. मग अमेरिकेत हजारो बायकांना चिठ्ठी टाकावी तसं विभागून, अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना खोटी दिली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा भाग २००२ च्या जुलैमध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. स्तनाचा कर्करोग वाढला होता, आणि हृदयविकार घटण्याऐवजी थोडा चढलाच होता. आधीच्या पाहण्यांत गोळी घेणाऱ्या बायका मुळातच सुखवस्तू, शिकलेल्या, फिरायला जाणाऱ्या होत्या. गोळी त्यांच्या पर्समध्ये होती, एवढाच तिचा वाटा. बातमी वाचताना बघायचं, की लोकांना आपणहून वागू दिलं होतं, की चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

तुमच्या हातून मोठी चूक झाली आहे का? — विद्यार्थी, नाशिक

झाली आहे, आणि ती आठवली की अजून झोप उडते. बीड जिल्ह्यात रक्तदाब आणि मधुमेहाचं सर्वेक्षण होतं. रस्ते कोरडे, हवा थंड, रक्ताच्या नळ्या खराब होत नाहीत, म्हणून मी डिसेंबर-जानेवारी निवडला. पुण्यात टेबलाशी बसून कॅलेंडर बघितलं की असंच होतं. चिठ्ठ्या टाकून घरं निवडली होती. एका वस्तीवर सलग सात घरांना कुलूप. मी मुलांना सांगितलं, “बंद असेल तर शेजारचं घर घ्या.” कामाचा वेग राहिला, रोजचं उद्दिष्ट पुरं झालं, आणि मी खूश.

तिसऱ्या आठवड्यात एका म्हातारीने मला जात्यावर बसल्या बसल्या सुनावलं, “बाई, माणसं कोयत्याला गेलीत. मुकादमाची उचल फेडायला नको? आत्ता आलीस तर आम्ही म्हातारी-कोतारीच गावणार तुला, न्हाईतर दुकानवाला नि मास्तर.”

मला दरदरून घाम फुटला. कुलूपबंद घर हा अपघात नव्हता, ती माणसं मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे फेडायला ऊसतोडीला गेली होती. राबणारी, कमी जमिनीची, तरणी माणसं नेमकी त्याच घरांतली होती. ती मी छेदातून खोडली होती आणि त्यांच्या जागी ज्यांना गाव सोडावं लागत नाही अशांना घेतलं होतं. जमलेला डेटा बाजूला ठेवला, निधी देणाऱ्यांना सहा महिने उशीर होईल असं पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर इथे छापण्यासारखं नाही. पाडव्यानंतर टोळ्या परतल्या तेव्हा आम्ही त्याच कुलपांपाशी पुन्हा गेलो. मधुमेहाचा आकडा खाली आला. पण तिशी-पस्तिशीच्या कोयतेकऱ्यांत रक्तदाब चढलेले सापडले, आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधला जाण्याची ती पहिलीच वेळ. पहिल्या फेरीवर विसंबले असते तर कागदावर ती माणसं जन्मलीच नसती.

दोन वर्षांपूर्वी आमचे मालक गेले. महिन्याने एक मुलगी आली, तासभर त्यांच्या मरणाचं विचारून लिहून घेऊन गेली. मी लई रडले, तीही रडली. पुढं काय झालं त्या कागदाचं? — एक बाई, तालुका माण

ताई, पत्र कोणाकडून तरी लिहून घेतलंत, तुमचे उपकार.

आपल्याकडे खेड्यातली पुष्कळ माणसं घरीच जातात. डॉक्टर नसतो, दाखल्यावर कारण नसतं, किंवा ‘हृदय बंद पडले’ एवढंच असतं, ते तर कोणाचंही शेवटी बंदच पडतं. म्हणून घरच्या माणसाला विचारायचं. छातीत दुखलं का, डाव्या हातात कळ गेली का, घाम फुटला का, किती वेळ होते. ती हकिकत मग दोन डॉक्टर वेगवेगळे बसून वाचतात, एकमेकांना न विचारता कारण लिहितात. जुळलं नाही तर पुन्हा वाचतात, आणि तरीही जुळलं नाही तर तिसरा डॉक्टर ठरवतो. देशात हृदयविकाराने किती माणसं जातात, याचा बराचसा हिशोब तुमच्यासारख्या बायकांनी ओसरीवर बसून सांगितलेल्या गोष्टींवर उभा आहे.

तुम्ही पत्रात लिहिलं आहे, की मालक म्हशीची धार काढताना बसल्या जागी कलंडले आणि चरवी सांडली नाही. फॉर्मवर चरवीला रकाना नाही. पण चांगल्या मुली असलं काही समासात लिहून ठेवतात. दोघा डॉक्टरांनी काय ठरवलं ते घरच्यांना कळवायचा रकानाही आम्ही कधी केला नाही. ३१ वर्षांत माझ्या हे डोक्यात यायला हवं होतं.

ते सर्वेक्षण माझं नव्हतं, पण कोणाचं असेल ते मी शोधू शकते. तुमच्या धाकट्याचा नंबर पत्रामागे आहे. येत्या मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला फोन करते. धारेच्या वेळेला नको.